चांदीचे कण, सोन्याचे कण आणि सौर सेल: वाचकांचे प्रश्न

सिलिकॉन सेलच्या पुढच्या बाजूला 20 नॅनोमीटरचे चांदीचे कण पसरले. करंट वाढायचा तर उलट घटला. काय चुकलं? (विद्यार्थिनी, नेरूळ)

आकार आणि जागा, दोन्ही चुकलं. इतका लहान कण प्रकाश विखुरण्याऐवजी गिळतो आणि त्याची उष्णता करतो. विखुरण्यासाठी, म्हणजे प्रकाश तिरपा वळून सेलमध्ये जास्त अंतर कापेल यासाठी, 100 ते 150 नॅनोमीटरचे कण हवेत. शिवाय कण पुढे असले की निळ्या-हिरव्या भागात कणाने विखुरलेला प्रकाश आणि सरळ आलेला प्रकाश एकमेकांना मारतात. कण मागच्या बाजूला ठेवा. तिथवर पोहोचतो तो मुख्यतः 800 ते 1100 नॅनोमीटरचा प्रकाश, आणि सिलिकॉनला शोषायला जड जातो तोही हाच. सेल जितका पातळ, तितका फायदा जास्त.

12-15 नॅनोमीटर चांदीचा थर चढवून नायट्रोजनमध्ये 200 ते 300 अंश सेल्सिअसला तासभर तापवा. अळूच्या पानावरचं पाणी जसं थेंबाथेंबांत गोळा होतं, तसा थर तुटून कण बनतात. पण आधी सिलिकॉनवर 10 ते 30 नॅनोमीटरचा सिलिकाचा (सिलिकॉनच्या ऑक्साइडचा) थर हवाच, म्हणजे धातू सिलिकॉनला थेट टेकणार नाही. टेकला तर सुटे झालेले प्रभार तिथेच एकमेकांत विरतात. मोजताना खूण लक्षात ठेवा: नुसता करंट पडला तर आकार-जागा तपासा, व्होल्टेजही पडलं तर हा थर.

आपल्याकडे खाडीच्या हवेतल्या गंधकामुळे चांदी काळवंडते. नमुना त्याच दिवशी झाकून टाका.

सोन्याचा द्राव लाल न होता जांभळट होतो, तळाशी काळा साका बसतो. (ऐरोली)

कण एकमेकांना चिकटताहेत. कारण बहुतेक वेळा पाणी किंवा काचसामान. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार कणांना गोळा करतात. डिस्टिल्ड पाणी घ्या. भांडी अम्लराजाने (तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक) फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) धुवा.

0.01 टक्के क्लोरोऑरिक आम्लाचा 50 मिली द्राव उकळत ठेवून त्यात 1 टक्का सोडियम सायट्रेट 1 मिली एकदम ओता. सुमारे 16 नॅनोमीटरचे कण मिळतात. सायट्रेट निम्मं केलं तर सुमारे 41 नॅनोमीटरचे. डाय सेलमध्ये (रंगद्रव्याने प्रकाश शोषणाऱ्या सौर सेलमध्ये) वापरणार असाल तर कणांवर सिलिकाचं कवच चढवा, नाहीतर आयोडीनचं इलेक्ट्रोलाइट धातू खाऊन टाकतं.

पॅनेलवर 'नॅनो चांदी'चा फवारा मारून वीज वाढते, असं विक्रेता सांगतो. घ्यावा का? (सोसायटीचे सचिव, घोडबंदर रोड)

घेऊ नका. कणांचं काम सेलला अगदी लागून, नॅनोमीटरच्या अंतरावर चालतं. तुमच्या पॅनेलवर काही मिलिमीटर जाडीची काच आहे. वरच्या कणांमुळे प्रकाश अडेल, एवढंच. ते पैसे धुण्यावर खर्च करा, तेही सकाळी काच थंड असताना. टँकरचं जड पाणी काचेवर वाळू दिलं तर पांढरे डाग राहतात; रबरी पट्टीने लगेच निपटून घ्या.