ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे देवाला दुःख होतं का? येशू रडला म्हणजे देव रडला का?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे, दुसऱ्याला "हो". हल्ली चर्चमधल्या ज्या त्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, "देवही आपल्यासोबत रडतो, तोही आपल्यासारखाच असहाय आहे" असं ऐकू येतं. ते मला मान्य नाही, आणि ते पुस्तकं वाचून अमान्य झालेलं नाही.

आम्ही बेळगावचे, वडगावातले, मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतल्या एका पंथाचे. धाकटा भाऊ ट्रकवर होता. कोल्हापूरहून माल घेऊन येताना रात्री तवंदी घाटात गाडी उलटली. आई शेजारच्या मागावर कांड्या भरायची, तिथंच तिला निरोप मिळाला. दुसऱ्या दिवशी माती. संदेश दिला आमच्या चुलतभावाने. सेमिनरीतून नुकताच पाळक होऊन आलेला, घरातला थोरला, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. कबरेपाशी उभा राहून तो म्हणाला, "देव आज आपल्याइतकाच रडतोय. घाटात जे झालं ते त्याच्याही हातात नव्हतं." लोकांना फार भावलं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. नंतर कितीतरी जणांनी त्याचा हात धरून आभार मानले.

रात्री आईने भाकरीला हात लावला नाही. शेजारच्या कन्नड आजी तिला धरून बसल्या होत्या, "अळबेडवा, अळबेडवा" (रडू नको गं) म्हणत स्वतःच रडत होत्या. दादा समोर बसलेला. आई एकदम त्याला म्हणाली, "बाबा, त्याच्या हातात नव्हतं तर कुणाच्या हातात होतं? उद्यापासून मी प्रार्थना कुणाकडं करू?"

दादा काही बोलला नाही. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिने विचारलं ते ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, शेकडो वर्षं विचारलेलं आहे.

रडायला सोबत तिला कमी नव्हती हो. अख्खी गल्ली रडत होती, कन्नड, मराठी, कॅम्पातून आलेली कोकणी बोलणारी कॅथलिक माणसं, सगळी. तिला असा कुणीतरी हवा होता, ज्याला त्या घाटातला अंधार हरवू शकत नाही. ज्याच्या हवाली पोर करता येईल.

जुन्या मंडळीने हेच जपलं. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला काही शिक्षक सांगू लागले की वधस्तंभावर देवबापच दुःख सोसत होता. तर्तुल्यन या त्या काळच्या ख्रिस्ती लेखकाने ते खोडून काढलं. पुढं ४५१ साली खल्केदोन इथं भरलेल्या मंडळीच्या परिषदेने ठरवलं की ख्रिस्त एकच, पण त्याचे स्वभाव दोन, दैवी आणि मानवी. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने आणखी स्पष्ट केलं: जो देहाने खिळला गेला तो त्रैक्यातलाच (पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांतलाच) एक. लाजर हा येशूचा मेलेला मित्र, येशूने त्याला कबरेतून जिवंत बाहेर बोलावलं. म्हणून त्याच्या कबरेपाशी जो रडला (योहान ११:३५) तो देवपुत्रच. पण तो रडला ते त्याने घेतलेल्या मनुष्यस्वभावाने. देवपणाला तिथं तडा गेला नाही. गेला असता तर लाजराला बाहेर कुणी बोलावलं असतं?

यावरून देव दगड ठरत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने लिहिलं की प्रीती आणि आनंद देवात खरोखरच आहेत, दुःख मात्र नाही, कारण दुःख म्हणजे काहीतरी गमावणं, आणि देवाचं काही हरवत नाही. आपली प्रीती समोरच्याकडे बघून वाढते, आटते. त्याची मुळातच पूर्ण आहे. मलाखी ३:६ मध्ये देव म्हणतो, मी बदलत नाही, म्हणूनच याकोबाच्या मुलांनो, तुम्ही नष्ट झाला नाही. मला तरी शास्त्रातलं यापेक्षा मोठं सांत्वन माहीत नाही.

दादाची उत्तरं ठरलेली आहेत. उत्पत्ति ६:६, देवाच्या चित्ताला खेद झाला. मग १ शमुवेल १५ पूर्ण वाच म्हणावं. ११व्या वचनात शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, आणि त्याच अध्यायाच्या २९व्या वचनात तो पस्तावायला मनुष्य नव्हे असं लिहिलंय. लिहिणाऱ्याला दोन्ही कळत होतं. आपल्याशी बोलताना देव आपल्या भाषेत बोलतो, एवढाच त्याचा अर्थ. दादा आणखी सांगतो की अँग्लिकनांच्या, म्हणजे इंग्लंडच्या मंडळीच्या, ३९ विश्वासकलमांत देव विकाररहित असल्याचं लिहिलंय, ते आपल्या मेथडिस्ट कलमांत नाही. नाही, खरं आहे. पण गाळलं म्हणजे उलट शिकवलं असं होत नाही.

देव दुःख सोसतो असं मांडणारा जर्मन धर्मपंडित मोल्टमन, त्याची गोष्ट वेगळी, हे मी मान्य करते. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडत होते तेव्हा त्याचा मित्र त्याच्या शेजारी मेला, पुढं तो युद्धकैदी झाला. नाझींनी कैदेत टाकलेला जर्मन पाळक बोनहोफर, त्याने १९४४ साली तुरुंगातून लिहिलं की दुःख सोसणारा देवच मदत करू शकतो. एवढं भोगलेल्या माणसांपुढं मी मान खाली घालते. पण त्यांचं वाक्य उचलून दुसऱ्याच्या आईला मातीच्या दिवशी ऐकवू नये. पाळक होणाऱ्या पोरांना माझं एवढंच सांगणं आहे: कबरेपाशी देवाला लहान करू नका.

आणि उलट्या बाजूची माणसंही मला नकोत. देवाला दुःख नाही, मग तूही रडू नको, असं विधवांना सुनावणारे वडीलधारे मी पाहिलेत. ती क्रूरता आहे. प्रभू स्वतः रडला, तर बाईने का रडू नये?

विचारणाऱ्यांनी होशेयचा ११वा अध्याय वाचावा, दादाचाही तो सगळ्यात आवडता. आठव्या वचनात देवाचं हृदय कळवळतं, तिथं तो नेहमी थांबतो. नवव्यात देव म्हणतो, मी देव आहे, मनुष्य नव्हे, म्हणून मी नाश करणार नाही. दादा, पुढच्या वेळी ते दोन्ही वाच, आणि आईसमोर वाच.