ग्रेडियंट डिसेंटला अडलं, तर मागे कुठवर जायचं?

प्रश्न : बी.कॉम. झालंय, घरीच मशीन लर्निंग शिकतेय. ग्रेडियंट डिसेंटपाशी (उतार बघून पायरीपायरीने चूक कमी करत जायची रीत) दर वेळी गाडी अडते. कुणी म्हणतं आधी सगळं कॅल्क्युलस करा, कुणी म्हणतं गणित लागतच नाही. आधी नेमकं काय यायला हवं, हे कसं ठरवायचं? – एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही सल्ले सोडा आणि शेवटाकडून सुरुवात करा. ‘ग्रेडियंट डिसेंट समजणं’ हे तपासता येत नाही, म्हणून त्याजागी एक गणित लिहा : अंदाज = म × क्ष. क्ष = २ असताना उत्तर ६ यायला हवं. सध्या म = १, लर्निंग रेट (उताराला ज्याने गुणून पायरी घ्यायची तो आकडा) ०.१. जी चूक होते तिचा वर्ग कमी करायचा, तर पुढचा म किती? (चूक ४, उतार −१६, म्हणून १ + ०.१ × १६ = २.६.)

आता विचारा : हे सोडवायला लगेच आधी काय करता यायला हवं? रॉबर्ट गान्ये या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात शिकण्याच्या उतरंडी मांडल्या, त्या याच प्रश्नावर. उत्तरं निघतील : चूक काढून तिचा वर्ग करणं, वर्गाचं डेरिव्हेटिव्ह (म्हणजे उतार), चेन रूल (सूत्राच्या आत सूत्र असताना उतार काढायचा नियम), उताराच्या चिन्हावरून दिशा ओळखणं. प्रत्येकाची एक चिठ्ठी, तिच्या पाठीवर एक चाचणी. जी आधी लागते, तिच्यापासून पुढच्या चिठ्ठीकडे बाण काढा; हाच तुमचा नकाशा. चेन रूलच्या चिठ्ठीच्या पाठीवर : (३क्ष − ५)² चा क्ष = २ ला उतार किती? (६.) अशी दोन गणितं न बघता सुटली की बरोबरची खूण करा आणि तिच्यामागे खणू नका. सुटली नाहीत, तर तोच प्रश्न पुन्हा, एक पायरी खाली. अभ्यासाला आधी ती चिठ्ठी घ्या, जिच्यामागचं सगळं खूण झालेलं आहे.

सर्रास होणारी चूक म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका उतरवून तिलाच नकाशा म्हणणं. धड्यांचा क्रम छापणाऱ्याच्या सोयीचाही असतो. बाण काढण्याआधी बघा, ही चिठ्ठी फाडली तर पुढचं गणित खरंच अडेल का? वरच्या गणिताला इंटिग्रेशन नको, त्रिकोणमितीही नको. आंशिक डेरिव्हेटिव्ह लागेल ते सूत्रात दुसरा अज्ञात आल्यावर. मॅट्रिक्स तर बऱ्याच पुढे.

‘कॅल्क्युलस’ ही चिठ्ठी नव्हे, पोतं आहे. एक-दोन संध्याकाळी उरकेल एवढंच एका चिठ्ठीत ठेवा. बाण गोल फिरले, तर एका चिठ्ठीत दोन गोष्टी कोंबल्यात असं समजा. लिमिट आणि डेरिव्हेटिव्हचं हेच होतं. ‘आकडे घालून उतार काढणं’ आणि ‘सूत्र सिद्ध करणं’ वेगळं केलं की गाठ सुटते. सिद्धता तुम्हाला आत्ता लागणार नाही.

प्रश्न : सगळ्या खुणा झाल्या, तरी अडलं तर?

उत्तर : मग सुट्या गोष्टी येतात, पण एखादा दुवा नकाशात नाही. वरच्याच गणितात लर्निंग रेट ०.३ घ्या. म १ वरून ५.८, मग −०.९२ : म बरोबर उत्तराच्या, म्हणजे ३ च्या (२ × ३ = ६), जवळ येण्याऐवजी लांब चाललाय. कारण दर पायरीला ३ पासूनच्या अंतराला −१.४ ने गुणलं जातं; ०.१ असताना ०.२ ने. हे सांगता येत नसेल, तर ‘पायरीची लांबी’ अशी नवी चिठ्ठी करा आणि ०.२५ घेऊन काय होतं ते हाताने मांडून बघा.