"मॅडम, इन्चार्जमुळे नोकरी सोडू का?"

जळगावात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या सिस्टर लोकांचा प्रश्न हल्ली हाच, इन्चार्ज म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर. कितव्यांदा ऐकला मोजलं नाही, म्हणून एकीचं सांगते, ओळख बदललीये.

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, अमळनेरकडची, सुरत लाइनच्या गाडीने रोज अपडाऊन. "माय वं मॅडम, राउंडला पेशंटसमोर बोलतात, तुला पास कोणी केलं म्हणे. मागितला तो ऑफ कधीच नाही, नाईटवर नाईट लावतात अन आवडत्या दोघींना कायम मॉर्निंग." दोन-तीन सेशन हेच चाललं, मी ऐकत राहिले (लगेच उपाय सांगणारे समुपदेशक मला पटत नाहीत, असो).

मग विचारलं, "वॉर्डात शंका शेवटची कधी विचारलीस?"

बराच वेळ गप्प. "केसपेपरवरचा डोस वाचता येत नव्हता, इन्चार्ज समोरच होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन धुळ्याच्या मैत्रिणीला फोटो पाठवला."

"शेजारच्या सिस्टरला का नाही विचारलं?"

"ती जाऊन सांगेल ना!" आणि रडायलाच लागली, "आता माझाच माझ्यावर भरवसा नाही, सलाईनचे थेंब चार चार वेळा मोजते."

गाठ इथे होती. मी तोवर इन्चार्जच्या बोलण्यातच अडकले होते, पण हिचा भरवसा इन्चार्जवरून उडाला तो सोबतच्या बायकांवरून आणि शेवटी स्वतःवरूनही उडाला, मग ड्युटीला जावंसं वाटेल कसं? तिला अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांचं संशोधन सांगितलं, 1990च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलातल्या औषधांच्या चुका पाहिल्या तर चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी उलट जास्त निघाल्या, कारण तिथे लोक चूक सांगायला भीत नव्हते. ती एकदम म्हणाली, "म्हणून आमचं रजिस्टर कोरं असतं!" मी काहीच बोलले नाही, वीस वर्षांत असे क्षण मोजकेच आलेत.

मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेची, त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या समजुतीतून होतो असं मानणारी. इन्चार्जनी नीट बोलावं ही अपेक्षा रास्तच, पण त्या बोलल्या म्हणजे मी बिनकामाची, हे कुठून आलं? यावर खूप बसलो.

सोडू नकाच असं मी कोणाला म्हणत नाही. फक्त नाईट करून आल्या आल्या राजीनामा लिहू नका, आधी नोटीस पिरियड किती आणि ओरिजनल सर्टिफिकेटं कोणाकडे ते बघा. काय झालं, कधी, कोणासमोर, त्याच दिवशी लिहून ठेवा. मेट्रनकडे (हॉस्पिटलातल्या सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाकडे) गेलात तर "मला बोलतात" एवढंच नको, "डोस विचारायची भीती वाटते, पेशंटला धोका आहे" असं सांगा, ते टाळणं त्यांना जड जातं.

परवा तिचा फोन आला. शेजारच्या सिस्टरला हिंमत करून डोस विचारला, तर ती म्हणे, "मला वाटायचं तूच जाऊन सांगतेस." दोघी हसल्या. राजीनामा मात्र अजून पर्समध्येच आहे, मीही काढून टाक म्हटलं नाही.