‘पॅरिश रजिस्टर’ला जन्म-मृत्यूची नोंदवही म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: एका अनुवादात इंग्लंडमधल्या जुन्या अँग्लिकन चर्चच्या ‘पॅरिश रजिस्टर’ला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या (‘पॅरिश’च्या) वहीला, ‘गावची जन्म-मृत्यू नोंदवही’ म्हटले आहे. हे बरोबर आहे का? आणि ‘पॅरिश’ला मराठीत काय म्हणावे?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’. अनुवादकाने अर्थ सोपा करायला हा शब्द घेतला असेल, पण त्याने अर्थच बदलतो. या वहीत जन्म नसतो, बाप्तिस्मा (मुलाला ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा विधी) असतो. मृत्यू नसतो, दफन असते.

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन इथल्या होली ट्रिनिटी चर्चची वही घ्या. तिच्यात २६ एप्रिल १५६४ या तारखेला एक लॅटिन ओळ आहे: ‘गुलिएल्मुस फिलिउस योहान्नेस शेक्सपिअर’. विल्यम, जॉन शेक्सपिअरचा मुलगा. बाजूला नंतर कुणीतरी फुल्या मारून ठेवल्या आहेत. ही तारीख बाप्तिस्म्याची. जन्म कधी झाला ते वहीत कुठेच नाही. २३ एप्रिल ही जन्मतारीख परंपरेने मानलेली आहे, नोंदलेली नाही. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसे झाले असेल, तर उलटे मोजून जन्मदिवस काढता येतो. बाप्तिस्म्यावरून तसा हिशेब मांडता येत नाही; मूल लवकर आणले जाई एवढेच म्हणता येते.

या ओळीत भाषेच्या माणसाने थांबून पाहावी अशी एक जागा आहे. ‘जॉनचा’ म्हणायला लॅटिनमध्ये षष्ठी हवी, म्हणजे ‘योहान्निस’. वहीत ‘योहान्नेस’ ही प्रथमा आहे. ‘विल्यम मुलगा जॉन’ असे लिहिल्यासारखे. शिवाय आज आपण पाहतो ती मूळ वहीसुद्धा नाही. १५९८ मध्ये हुकूम निघाला की जुन्या कागदी वह्या चामड्याच्या पानांवर उतरवून घ्याव्यात, निदान एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या तरी. स्ट्रॅटफर्डची वही १५५८ पासूनच सुरू होते, आणि तिचा आरंभीचा भाग १६०० च्या सुमाराला केलेली नक्कल आहे. चूक मूळ लेखकाची की नक्कल करणाऱ्याची, हे त्यामुळे वहीवरून ठरत नाही. अनुवादकाने ती गुपचूप दुरुस्त करू नये, असे मला मनापासून वाटते.

दफनाचेही तसेच. वहीप्रमाणे शेक्सपिअरचे दफन २५ एप्रिल १६१६ ला झाले. मृत्यूची तारीख, २३ एप्रिल, वहीत नाही. ती त्याच चर्चच्या भिंतीवरच्या स्मारकावर कोरलेली आहे. त्याचा मुलगा हॅम्नेट याचे असे स्मारक नाही. त्याच्यासाठी फक्त ११ ऑगस्ट १५९६ ही दफनाची तारीख उरते. कुणी ती ‘मृत्युदिनांक’ म्हणून मराठीत आणली, की वाचकाला खोटी माहिती मिळाली. विल्यमच्या बाप्तिस्म्याच्या ओळीनंतर अडीचच महिन्यांनी, ११ जुलै १५६४ ला, दफनांच्या यादीत धंदा शिकणाऱ्या एका पोराच्या नावाजवळ तीन शब्द आहेत: ‘हिक इन्सेपिट पेस्टिस’. इथून प्लेग सुरू झाला.

वर्षाबद्दलही जपावे. तेव्हा इंग्लंडमध्ये नवे साल २५ मार्चला लागे. हॅम्नेट आणि जुडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा २ फेब्रुवारीचा. वहीत साल १५८४, आपल्या गणनेने १५८५. ही रीत १७५२ पर्यंत चालली.

या वह्या सुरू झाल्या १५३८ मध्ये, राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी फारकत घेतल्यावर चार वर्षांनी. त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला: दर रविवारी, चर्चवॉर्डनच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्याच्या) समक्ष, आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहावीत, वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी, एक किल्ली पाद्रीकडे, दुसरी वॉर्डनांकडे. चुकल्यास दंड. प्रत्यक्ष जन्म नोंदवायचा प्रयोग झाला तो १६५३ च्या कायद्याने, दुसऱ्या क्रॉमवेलच्या, ऑलिव्हरच्या राजवटीत, आणि राजेशाही परतल्यावर तो बंद पडला. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ पासूनची. ‘जन्म-मृत्यू नोंदवही’ हा शब्द तिच्यासाठी राखून ठेवावा. क्वेकरांसारखे पंथ तर बाप्तिस्माच करत नसत. त्यांची मुले गावात जन्मली तरी बाप्तिस्म्याच्या यादीत येणार नाहीत.

आता ‘पॅरिश’. वसईकडे ‘धर्मग्राम’ हा सुंदर शब्द चालतो, आणि आजच्या चर्चबद्दल लिहिताना तोच वापरावा. शब्दाचे मूळ ग्रीक ‘पारोइकिया’, घराजवळ उपरा म्हणून राहणे. परक्या मुक्कामाचा शब्द पुढे पक्क्या वस्तीचा झाला. पण जुन्या इंग्लंडचा पॅरिश नुसता धर्माचा नव्हता. १६०१ च्या कायद्याने गरिबांसाठी कर गोळा करणे आणि त्यांना पोसणे हे कामही त्याच्याकडे होते. गावकी आणि धर्म एकाच वहीखात्यात. तो भार ‘धर्मग्राम’ला पेलत नाही. म्हणून इतिहासात मी ‘पॅरिश’च ठेवतो.

वहीला मी ‘संस्कार-नोंदवही’ म्हणेन. ख्रिस्ती परिभाषेत ‘संस्कार’ सॅक्रमेंटसाठी (चर्चच्या ठरावीक पवित्र विधींसाठी) रूढ आहे आणि दफन त्यात बसत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण मराठी माणसाच्या कानाला संस्कारात नाव ठेवणे, लग्न आणि अंत्यसंस्कार तिन्ही येतात, आणि वहीतही तेच तीन रकाने आहेत. स्ट्रॅटफर्डची ती ओळ मग अशी येईल: ‘बाप्तिस्मा, २६ एप्रिल १५६४: विल्यम, मुलगा जॉन शेक्सपिअर’, आणि खाली टीप, की मूळ लॅटिनमध्येही षष्ठीचा प्रत्यय गळलेला आहे.