पॅचबेचं कर्ज आणि ‘एफडीसारखी’ पॉलिसी

डोंबिवलीच्या एका वाचकांनी लांबलचक पत्र पाठवलं आहे. वय 34, नोकरी, पत्नी आणि चार वर्षांची मुलगी. भाड्याच्या टू बीएचकेमधल्या एका बेडरूममध्ये होम स्टुडिओ आहे. व्हॉइस-ओव्हर आणि भजनी मंडळांच्या रेकॉर्डिंगमधून महिन्याला सरासरी 12 हजार येतात, वीज-सॉफ्टवेअर वगळता आठ उरतात. आता त्यांना 48 पॉइंटचे दोन पॅचबे (सगळ्या उपकरणांच्या वायरी समोर एका पट्टीवर आणून हव्या तशा जोडायचं पॅनेल), हॉल आणि बाल्कनीपर्यंत भिंतीतून केबल, असं 2 लाख 40 हजारांचं काम करायचं आहे. प्रश्न एवढाच, की पैसे 14 टक्क्यांच्या पर्सनल लोनने उभे करू, की विमा पॉलिसीवर कर्ज काढू?

आधी स्टुडिओचं उरकून घेऊ. तीन वर्षांच्या लोनचा हप्ता साधारण 8,200 रुपये, एकूण परतफेड तीन लाखांच्या घरात. म्हणजे स्टुडिओत उरणारे आठ हजार हप्त्यातच जाणार, वर दोनशे पगारातून. ‘हे बसवलं की महिन्याला 50 हजार कुठे जात नाहीत,’ असं तुम्ही लिहिता. कोणाकडून येणार? पॅचबे नाही म्हणून एखादं मंडळ परत गेल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. काम आषाढी आणि गणपतीच्या सुमारास येतं, एरवी नाही, हे मात्र तुम्हीच लिहिलंय. केबलने वारकरी वाढत नाहीत.

शिवाय भिंत घरमालकाची. अकरा महिन्यांच्या करारावर भिंती फोडून केबल गाडणार असाल, तर घर सोडताना तांबं भिंतीत आणि डिपॉझिटचा काही भाग मालकाकडे राहील.

गरज मात्र खरी आहे. मंडळ हॉलमध्ये बसतं, तुम्ही बेडरूममध्ये, आणि दर वेळी रॅकच्या मागे हात घालून पिना बदलायच्या. तुमच्या यादीत इंटरफेस, दोन प्रीॲम्प (माइकचा सिग्नल वाढवणारे), एक कॉम्प्रेसर आणि दोन कीबोर्ड आहेत. त्याला एकच पॅचबे पुरून उरतो. हॉलसाठी आठ चॅनेलचा पंधरा मीटरचा स्टेजबॉक्स, म्हणजे अनेक माइक एकाच जाड केबलने नेणारा डबा, घ्या, भिंतीच्या कडेने टाका, काम झालं की गुंडाळा. बॅलन्स्ड (खरखर रोखणाऱ्या) माइक केबलला पंधरा काय, तीस मीटरनेही फरक पडत नाही. गिटारची साधी केबल मात्र पाच-सहा मीटरपुढे नेली की वरचा सूर बोथट होतो, तिथे डीआय बॉक्स लावा, तो गिटारचा सिग्नल माइकसारख्या बॅलन्स्ड केबलवर घालतो. आणि माइक पॅचबेतून फिरवू नका, थेट प्रीॲम्पला जोडा. 48 व्होल्टचा फँटम (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) चालू असताना जाड पिनेच्या पॅचबेत केबल काढली-घातली, तर शॉर्ट होऊन उपकरणाला धक्का बसू शकतो. हे सगळं 35 हजारांच्या आसपास बसेल. चार-पाच महिन्यांच्या कमाईतून घ्या, कर्जाशिवाय.

आता तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर येतो. तिथे ओझरता उल्लेख आहे: बँकेतल्या माणसाने ‘एफडीसारखीच आहे, टॅक्सही वाचतो, कधीही कर्ज मिळतं’ म्हणून दिलेली पॉलिसी. वर्षाला दीड लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी 30 लाख ‘गॅरंटीड’. दोन हप्ते भरून झालेत. विमा 15 लाखांचा. दुसरा कुठलाच विमा नाही.

एकेक वाक्य तपासू. कर्ज मिळतं ते सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी आज मोडली तर हाती येणाऱ्या रकमेवर, भरलेल्या पैशांवर नाही. दोन हप्त्यांनंतर ती बहुधा 90 हजारांच्या आसपास असेल, म्हणजे कर्ज 80 हजारांच्या आत. तुमचा दुसरा पर्याय मुळात अस्तित्वातच नाही! टॅक्स? तुम्ही नव्या कररचनेत आहात, तिथे 80सीची वजावटच नाही. आणि 15 लाखांचे 30 लाख ऐकायला छान, पण परतावा भरतो जेमतेम साडेचार टक्के. हेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून खातं विसाव्या वर्षापर्यंत चालवलं, तर आजच्या 7.1 टक्के दराने 44 लाखांच्या आसपास होतात. दर सरकार बदलू शकतं, मान्य. तरी मधल्या 14 लाखांची सुरक्षितता कुठली?

त्याहून मला विमा खुपतो. घरखर्च महिन्याला 70 हजार. तुम्हाला काही झालं तर 15 लाख पावणेदोन वर्षं पुरतील. मुलगी तेव्हा सहा वर्षांचीही नसेल. दीड कोटीचा टर्म विमा (बचत नसलेला, फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा) तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, वर्षाला पंधरा-वीस हजारांत मिळावा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटीही नाही.

‘पण भरलेले तीन लाख बुडतील’ ही भीती पत्रात आहेच. म्हणून कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर व्हॅल्यू आणि पेड-अप केल्यावर, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवल्यावर, विसाव्या वर्षी मिळणारी रक्कम. दोन दशांश हप्ते भरलेत, त्यामुळे पेड-अप रक्कम सहा लाखांच्या आसपास निघाली तर पॉलिसी मोडू नका, फक्त पुढचे हप्ते बंद करा. 90 हजारांचे अठरा वर्षांत सहा लाख वाईट नाहीत. उरलेले आठ हप्ते पीपीएफला वळवले की त्यांचे साधारण 33 लाख. दोन्ही मिळून 39, पॉलिसी चालू ठेवली तर 30. पेड-अपचा आकडा फारच तोकडा असेल, तर सरेंडर करून 90 हजार घ्या आणि तेही पीपीएफच्या दराने वाढू द्या. तरी बेरीज 36 लाखांपर्यंत जाते. पीपीएफची वर्षाची मर्यादा दीड लाखच आहे, तेव्हा एकाच वर्षी सगळं बसणार नाही; उरलेलं पत्नीच्या खात्यात टाका.

क्रम मात्र उलटा करू नका. टर्म पॉलिसी मंजूर होऊन कागद हातात आल्याशिवाय जुनी थांबवायची नाही. पुढचा हप्ता मार्चमध्ये आहे, वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची वाढीव मुदत मिळते, तेवढा वेळ पुरेल.

आणि ‘एफडीसारखीच’ हे त्या माणसाने व्हॉट्सॲपवर लिहिलंय ना? तो मेसेज जपून ठेवा. बँकेला आणि विमा कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा झटकून टाकलं, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.