भाषणं ऐकून पाठ, तरी इंग्रजी शब्द तोंडात येत नाहीत

"मॅडम, रोज इंग्रजीतली प्रेरणादायी भाषणं ऐकतो, शब्द लिहून काढतो, पाठ करतो. पण बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

मराठी माध्यमातून शिकून नोकरीला लागलेली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा थोड्याफार फरकानं हाच प्रश्न असतो. त्यातलं शेवटचं वाक्य मला फार खुपतं. म्हणून त्यांच्यातल्या एकाची हकिगत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगा परभणीकडचा, डिप्लोमा झालेला, चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. हात चांगला, मशीनची जाण उत्तम. पण आठवड्याची मीटिंग इंग्रजीत व्हायची आणि तिथे तो गप्प बसायचा. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता त्यानं आत्मविकासावरची भाषणं ऐकायला सुरुवात केली. इंग्रजीही सुधारेल आणि स्वभावही, असा त्याचा हिशेब. तो काही चुकीचा नव्हता. चांगला वक्ता स्पष्ट बोलतो, एकच मुद्दा दोन-तीन उदाहरणांनी पुन्हा सांगतो. टेड (TED) या भाषणांच्या प्रसिद्ध मंचावर साधारण १८ मिनिटांची मर्यादा असते, भाषणाचा लेखी मजकूर मिळतो, आणि स्वयंसेवकांनी तयार केलेली मराठी उपशीर्षकंही बऱ्याच भाषणांना असतात.

त्यानं वही पुढे केली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, अक्षर सुरेख. प्रोक्रॅस्टिनेशन म्हणजे चालढकल, रेझिलियन्स म्हणजे पुन्हा सावरण्याची ताकद, मेडिऑक्रिटी म्हणजे सुमारपणा. मी म्हटलं, "काल शिफ्टमध्ये काय झालं ते इंग्रजीत सांगा. चुकलं तरी चालेल." आदल्या दिवशी प्रेस मशीनचं सील फाटून तेल गळत होतं, प्रॉडक्शन थांबलं होतं. तो "ऑइल वॉज..." इथेच अडला. गळणं, बदलणं, घट्ट बसवणं, पुन्हा तपासणं, यातलं एकही क्रियापद त्या वहीत नव्हतं. त्याच्या दिवसाशी संबंध नसलेल्या शब्दांवर त्यानं कित्येक महिने मेहनत घेतली होती.

ही झाली भाषेची अडचण. खरं दुखणं वेगळंच होतं. ही भाषणं त्याला सतत बजावत होती की ज्याला मनापासून हवं असतं, तो करून दाखवतोच. त्यामुळे शब्द विसरला की त्याला वाटायचं, आपल्यात जिद्दच नाही. २०१२ सालच्या एका गाजलेल्या भाषणात आत्मविश्वासासाठी दोन मिनिटं ऐटीत उभं राहण्याची युक्ती सांगितली आहे. हा मुलगा मीटिंगआधी वॉशरूममध्ये जाऊन तसा उभा राहायचा, आत आल्यावर पुन्हा गप्प व्हायचा आणि दिवसभर स्वतःला दोष देत बसायचा. त्या युक्तीनं शरीरातली हार्मोन्स बदलतात हा दावा पुढच्या मोठ्या प्रयोगात टिकला नाही आणि मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिकेनंच २०१६ मध्ये त्यावरचा आपला विश्वास उडाल्याचं जाहीर केलं, हे मी त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी नीट उभा राहत नव्हतो असं नाही?"

विसरण्याचंही तसंच. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाठ केल्यावर पहिल्या काही तासांतच विसरण्याचा वेग सर्वांत जास्त असतो, असं त्यांना आढळलं. यात इच्छाशक्तीचा काही दोष नाही, स्मरणशक्ती अशीच चालते. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोगही मी अनेकांना सांगते. धडा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर सरस ठरले ते धडा बंद करून आठवून पाहणारे. वही वाचताना सगळं येतंय असं वाटतं, आणि मीटिंगमध्ये दगा मिळतो तो इथेच.

मग आम्ही एकच भाषण निवडलं, मॅट कट्स या गूगलच्या तेव्हाच्या अभियंत्याचं, २०११ सालचं, जेमतेम साडेतीन मिनिटांचं. तीस दिवस एखादी नवी गोष्ट करून पाहा, एवढाच विषय. सायकलनं ऑफिसला जाणं, साखर सोडणं, महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहिणं, अशी उदाहरणं आणि भाषा रोजच्या वापरातली. आधी नुसतं ऐकायचं, मग इंग्रजी उपशीर्षकांसह, मग मजकूर मोठ्यानं वाचायचा. त्यातली तीन-चार वाक्यं घेऊन त्यात स्वतःचा दिवस बसवायचा. वक्त्याची सायकल काढून त्याची कंपनीची बस, कादंबरीच्या जागी शिफ्टचा रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी वही बंद ठेवून तीच वाक्यं फोनवर रेकॉर्ड करायची. मग दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्यानं. सुट्टा शब्द लिहायचाच नाही, अख्खं वाक्य लिहायचं, आणि ते आपल्या तोंडी शोभेल असंच.

त्याला हे फार हळू वाटलं. "एका आठवड्यात एकच भाषण?" असं त्यानं नाराजीनंच विचारलं. मी त्या बाबतीत मात्र हट्टी आहे.

पुढे त्यानं स्वतःहून एक बदल केला. शब्दांसाठी मशीनची इंग्रजी मॅन्युअल्स आणि दुरुस्तीचे व्हिडिओ घेतले. भाषणं रविवारी, आवडली तर ऐकायची. मीटिंगमध्ये आता तो ब्रेकडाउनचं कारण चार-पाच वाक्यांत सांगतो. मध्ये अडतो, व्याकरण घसरतं, पण समोरचे थांबतात आणि ऐकतात. फोनवर इंग्रजीत बोलायची वेळ आली की अजून हाताला घाम येतो. ती भीती शब्दसंग्रहानं जाणारी नाही, तिच्यावर आमचं वेगळं काम सुरू आहे: आधी ओळखीच्या सहकाऱ्याला फोन, मग स्टोअरला, मग पुरवठादाराला.