रत्नागिरी जिल्ह्यात एक एकर जमिनीत केवळ शहाळ्यासाठी नारळाची लागवड परवडेल का?

आपल्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: लागवड परवडेल का, आणि सर्व माड ऑरेंज ड्वार्फ या ठेंगण्या जातीचेच लावावेत का. पहिल्याचे माझे उत्तर होकारार्थी आहे, मात्र फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत विहिरीला पाणी टिकत असेल तरच. दुसऱ्याचे उत्तर मी स्पष्ट नाही असे देईन.

ऑरेंज ड्वार्फचे पाणी गोड असते, ती तीन-चार वर्षांत धरते आणि सुरुवातीची अनेक वर्षे शहाळी जमिनीवरून काढता येतात. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे कामगार, मिळणे दिवसेंदिवस कठीण होत असताना हा मोठाच फायदा आहे. परंतु शहाळे सातव्या महिन्याच्या सुमारास उतरवावे लागते आणि पावसाळ्यात मागणी घटली की तो घड माडावरच राहतो. बाणवली या उंच जातीच्या किंवा संकरित माडाचा असा घड बाराव्या महिन्यात नारळ म्हणून विकता येतो. ऑरेंज ड्वार्फचा नारळ मात्र लहान भरतो आणि त्याचे खोबरेही हलक्या प्रतीचे असते. न विकल्या गेलेल्या घडाचे काय करता येईल, या एकाच कसोटीवर मी जातींची निवड करतो. त्यातच मुंबई-पुण्याच्या बाजारात आपली गाठ कर्नाटकातील मद्दूर परिसरातून ट्रकने येणाऱ्या शहाळ्यांशी असते, म्हणून रस्त्यालगतच्या आणि पर्यटकांच्या स्थानिक विक्रीला पुरतील एवढेच ठेंगणे माड ठेवून उर्वरित जागेत टी × डी किंवा डी × टी, म्हणजे उंच (टी) आणि ठेंगण्या (डी) जातींच्या संकरातून तयार केलेली रोपे लावावीत.

साडेसात मीटर अंतराने एकरी सुमारे ७० माड बसतात. रोपे भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रासारख्या खात्रीच्या ठिकाणाहूनच आणावीत, कारण चुकीचे रोप लक्षात येईपर्यंत चार-पाच वर्षे गेलेली असतात. ऑरेंज ड्वार्फच्या रोपाचा देठ नारिंगी असतो. तो तपकिरी किंवा हिरवट दिसल्यास ते रोप शुद्ध नाही असे समजावे. संकरित माडाचे नारळ पुढे स्वतः रुजवून लावण्याचा मोह टाळावा, कारण पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत.

पाण्याबाबत मी इतका आग्रही का आहे, तेही सांगतो. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उघडण्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी तिचा अंकुर माडाच्या गाभ्यात तयार झालेला असतो, त्यामुळे एका उन्हाळ्यात पडलेला ताण पुढील दोन-तीन वर्षांच्या उत्पन्नात दिसत राहतो, आणि तोपर्यंत त्याचे खरे कारण आपण विसरलेले असतो. मोठ्या माडाला उन्हाळ्यात ठिबकने रोज ३० ते ४० लिटर पाणी आणि आळ्यात झावळ्यांचे आणि सोडणांचे (नारळाच्या सालींचे) आच्छादन, एवढी तरतूद होणार नसेल तर माडांची संख्या कमी करावी. खतात पालाश (पोटॅश) किमान नत्राइतके (नायट्रोजनइतके) द्यावे. आपल्या जांभ्या जमिनीत पालाश पाण्याबरोबर धुऊन जाते, तेव्हा हप्त्यांनी देणे योग्य.

माड मोठे झाल्यावर मधल्या जागेत जायफळ, दालचिनी आणि खोडावर मिरी घेता येते. भाट्ये केंद्राने अशी लागवड ‘लाखी बाग’ या नावाने रुजवली आहे, आणि एक एकरासारख्या लहान क्षेत्रात तिच्याशिवाय उत्पन्नाला बळ येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

शेणखताचा खड्डा वाडीला लागून ठेवू नये. गेंड्या भुंग्याची वाढ त्यातच होते. तो शेंड्यात शिरला की त्या जखमांच्या वाटेने सोंड्या भुंगा येतो, आणि सोंड्या भुंग्याने पोखरलेला माड बहुधा वाचत नाही.